उठायचं नाही

तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला, पण पुरता पाहिला. हॉलवर येणाऱ्यांपैकी कुणीतरी सहज काढला होता आणि ग्रुपवर टाकला होता, खाली हसणारे चेहरे लावून. त्यात मी पाठमोरा दिसतो. पूलच्या टेबलावर वाकलोय, पांढऱ्या बॉलच्या मागे स्टिक धरलीय, समोर तीन नंबरचा लाल बॉल भोकाच्या अगदी तोंडाशी. शेंबडं पोरसुद्धा घालेल असा. मी स्टिक मागे घेतो, तेवढ्यात जिन्याचं दार करकरतं. स्टिक पुढे जाते आणि त्याच क्षणी माझं डोकं, मान, खांदे, सगळा मी वर येतो, दाराकडे वळतो आणि हसतो.

दारातून आत आला होता पाण्याचे जार पोचवणारा माणूस. खांद्यावर जार, तोंडात मावा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

बॉल चुकला त्याचं मला काही वाटलं नाही, बॉल रोजच चुकत होते. मला लागलं ते ते हसू. कोण आलंय हे दिसायच्या आधीच ते चेहऱ्यावर तयार होतं. ओठ अर्धे उघडे, मान किंचित तिरकी, ‘या या, बसा’ म्हणायच्या बेतात. पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, शाळेत गणित शिकवणारा माणूस, आणि दार वाजलं की असा. मला माझीच शिसारी आली. त्या रात्री जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी आमटीत मीठ कमी आहे म्हणालो.

माझी शाळा उंब्रजला, घर कराडला. शाळा सुटल्यावर माझी नेहमीची एसटी चुकली की पुढची पाऊण तासानं. स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर पूलचा हॉल. मी प्रथम वर गेलो तो निव्वळ पंख्यासाठी. मग हातात स्टिक आली आणि मग एसटी मुद्दाम चुकू लागली.

हॉल म्हणजे काय होतं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मी कुठल्या क्लबात वगैरे जात होतो. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात माव्याच्या पिचकाऱ्या, जुन्यावर नव्या, थर चढलेले. आत दोन टेबलं. स्टिका शंभर हातांच्या घामानं चिकट झालेल्या, धरल्या की आधी रुमाल काढावासा वाटे. मोरीचा वास पंख्याबरोबर गोल फिरत राही. शाळेत बोटांना पांढरा खडू, इथं स्टिकच्या टोकाला लावायचा निळा खडू, म्हणजे घरी जाईपर्यंत माझी बोटं एखाद्या पेंटरसारखी. दर खंडेनवमीला मालक टेबलांची पूजा करी. करावी, माझं काही म्हणणं नाही, हत्यारांची पूजा आम्ही सगळेच करतो. पण हा गडी हळद-कुंकू थेट हिरव्या कापडावर वाही आणि नारळ टेबलाच्या कोपऱ्याच्या लाकडावर फोडी. पाणी कापडात मुरे. त्या कोपऱ्याकडे गेलेला बॉल मग वर्षभर शेवटच्या वितीत वळत असे. नवं कापड टाका म्हटलं की मालक म्हणे, “सर, पूजेचं पाणी हाय ते.” सगळे त्या कोपऱ्याला टाळून खेळत.

आणि भिंतीला लागून एक बाकडं. त्यावर चार-पाचजण कायम बसलेले. यांच्या हातात मी कधी स्टिक पाहिली नाही, पण शिकवायला सगळे तयार. “सर, हळू घ्या.” “सर, जरा डावीकडनं.” “हाणा सर, जोरात हाणा, भ्यायचं न्हाई.” मी वाकलो की यांची तोंडं सुरू. चुकलो की एक जण “च् च्” करी, दुसरा मांडीवर थाप मारी. त्या ‘च् च्’चा मला इतका तिटकारा आला होता की वर्गात एखाद्या पोरानं केलं तरी मी खडू फेकून मारी.

कोन मला कळत होते. पांढरा कुठे लागला की लाल कुठे जाईल, कडेवर आपटून कसा परतेल, हे मी वहीवर काढून दाखवू शकत होतो. वहीवर मी सगळ्या सातारा जिल्ह्यात पहिला आलो असतो. टेबलावर मात्र कुणी बघत नसेल तेव्हा दहातले सात जात, कुणी बघत असेल तेव्हा तीन, आणि दार वाजलं की एकही नाही. माझ्यात आत्मविश्वास कमी आहे, असं बाकड्यावरच्या एकानं जाहीर केलं. मलाही तसंच वाटत होतं. व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की आत्मविश्वास वगैरे लांबची गोष्ट. माझं अंगच माझं ऐकत नव्हतं. ते दाराचं ऐकत होतं.

उठण्याची सवय मला कशी लागली, याला उत्तर शोधायची गरज नाही. आमच्या भागात ज्याला ही सवय नाही असा माणूस दाखवा. वडील रानातून आले की आम्ही भावंडं कॉटवरून उठायचो, आई पीठ मळत असली तरी हात तसेच घेऊन उभी राहायची. आठेक वर्षांचा असेन, अंगणात गोट्या खेळत होतो. नेम धरला होता, एक डोळा मिटलेला. शिराळ्याचे चुलत चुलते आले. माझा नेम चालू होता, मी उठलो नाही. वडिलांनी कानाला धरून उभं केलं, चुलत्यांच्या पायाशी वाकवलं आणि गोट्या गटारात. सगळा दोष त्या कानाला देणं सोयीचं आहे, पण खोटं आहे. पुढची पस्तीसेक वर्षं मी आपखुशीनं उठत आलो. शाळेत मुख्याध्यापक आले की उठायचं. संस्थेचे अध्यक्ष तपासणीला आले की स्टाफरूममध्ये खुर्च्यांचा असा आवाज होई की खालच्या मजल्यावरच्या पोरांना कळे. अध्यक्ष प्रत्येक वेळी म्हणत, “बसा, बसा, कशाला उठता?” आणि आम्ही ते दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत उभे राहत असू. पहिल्या ‘बसा’ला बसलेला एक शिक्षक मला आठवतो. त्याची बदली झाली म्हणून आठवतो; ती खरंच त्यामुळे झाली का, हे मला माहीत नाही. पण आम्ही सगळे तसंच समजत होतो आणि ते समजणंच पुरेसं होतं.

पूलमध्ये भानगड अशी की वाकल्यावर तुमची पाठ, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर ढुंगण, कुणाच्या तरी दिशेला असतं. वडीलधाऱ्या माणसाकडे असं करून उभं राहायचं आणि तो आला तरी तसंच राहायचं, ही कल्पनाच अंगाला सहन होत नव्हती.

त्या हॉलवर एक मेजर येत. आमच्याकडे फौजेतून निवृत्त होऊन आलेला कोणीही मेजरच. हे हवालदार होते, साठीच्या घरातले, उजवा गुडघा कामातून गेलेला, मिशा अजून कडक. फौजेत ते रंगरूटांना बंदूक चालवायला शिकवत असत आणि पूल पलटणीतल्या करमणुकीच्या खोलीत शिकले होते. खेळ दिखाऊ नव्हता. वाकत, थांबत, मारत, बॉल जाई. बाकड्यावरचे त्यांना काही शिकवत नसत. व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले.

“मास्तर, ते बघितलं मी मोबाईलवर.”

मी काहीतरी बोलून हसण्यावारी न्यायला लागलो.

“हसू नका. लय घाण दिसतंय ते,” मेजर म्हणाले. “गोळी सुटायच्या आधी तुमी उठताय. रेंजवर असतं तर तुमी कवाच मेला असता.”

इतकी वर्षं लोक मला ‘सर, जमेल, जमेल’ म्हणत होते. कुणीतरी घाण आहे म्हणालं हे बरं वाटलं, कारण मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज पाचला शिकवणी सुरू झाली. पहिला आठवडा त्यांनी मला बॉल मारू दिला नाही. नुसतं उभं राहायचं. जिकडे मारायचं त्या रेषेवर उजवं पाऊल, डावं अर्धं पाऊल पुढं आणि बाजूला. वजन दोन्हींवर सारखं, मेजरनी खांद्याला धक्का दिला तर हलायचं नाही. मग कमरेतून वाकायचं, पाठ वाकवून नव्हे. डावा हात टेबलावर पसरायचा, बोटं घट्ट रोवायची, अंगठा वर करून त्याच्या खाचेत स्टिक. हनुवटी स्टिकच्या अगदी वर. उजवा हात कोपरापासून खाली नुसता लोंबता ठेवायचा. “तुमच्या शाळेतल्या घड्याळाचा लोलक कसा हालतो? तसा. खांदा मेल्यागत पडू द्या.” आणि स्टिक अशी धरायची की कुणी मागून ओढली तर हातातून निघून जाईल. हेच मला सर्वांत जड गेलं. मी ती आवळून धरत असे, नळकांडं धरावं तशी.

“एवढी आवळताय कशाला? पळून चाललीय का ती?”

मग श्वास. आत घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. त्या थांबण्यात मारायचं. आणि मारल्यावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा, खालीच राहायचं. बॉल भोकात पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं हलता कामा नये. “मारलं म्हंजे झालं असं न्हाई. गोळी सुटल्यावर बी बंदूक धरूनच ऱ्हायचं असतं.”

मी खाली राहत नव्हतो. दार वाजे, मी वर. जिन्यात कुणी खोकलं, मी वर. मोबाईल वाजला तरी वर. शेवटी एक दिवस मेजर स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन माझ्या मागे उभे राहिले आणि ग्लास माझ्या मानेच्या दोन बोटं वर धरला.

“आता मारा. उठला तर तुमच्याच मानंवर.”

दार वाजलं. चहा गरम होता. मानेवरून शर्टात, शर्टातून पाठीवर, तिथून खाली पँटीत. गोड, चिकट. बाकड्यावरचे हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मी मोरीत जाऊन त्या कुबट वासात शर्ट पिळला आणि अक्षरशः शिव्या दिल्या. मेजरना, बाकड्याला, चहाला आणि माझ्या त्या मानेला, जी दाराशी इमान राखून होती. एसटीत बाजूचा माणूस सरकून बसला. पुढच्या दोन महिन्यांत माझे तीन शर्ट वाया गेले आणि बायकोनं एक जुना, बाह्या उसवलेला शर्ट ‘तुमच्या त्या चहाचा’ म्हणून वेगळा ठेवला.

मी एकदा मेजरना विचारलं, “तुम्हाला कधी उठावंसं वाटलं नाही? साहेब लोक यायचे असतील रेंजवर.”

“यायचे की. कर्नल साब यायचे, एकदा त्याच्याबी वरचे आले.” ते खडू लावत म्हणाले. “पर जो लेटून नेम धरतोय त्यानं उठायचं न्हाई, सलाम बी ठोकायचा न्हाई. तसा नेमच हाय. त्याच्यापुढं तवा निशाण, बाकी कोण न्हाई. आवं, साबच मागं गप उभं ऱ्हायाचे.”

हे मला फार आवडलं. जगात अशी एक जागा आहे, जिथं साहेब येतो आणि माणूस खाली राहतो, आणि तोच नियम आहे. मला तेवढंच हवं होतं. जिंकणं वगैरे नंतर. भरल्या हॉलमध्ये, कुणीही आलं तरी, एक फटका पूर्ण करायचा. एकच. मी हे मेजरना सांगितलं. ते म्हणाले, “एक म्हंजे लय झालं.”

दीड वर्ष गेलं. डोकं हळूहळू खाली राहू लागलं. प्रथम जिन्यातला खोकला ऐकू येईनासा झाला, मग मोबाईल, शेवटी दार. म्हणजे कानावर पडे, पण मानेपर्यंत पोचत नसे. बाकड्याचं ‘च् च्’ कमी झालं, कारण चुका कमी झाल्या. शाळेतसुद्धा मी फळ्यावर लिहिताना कुणी दारात आलं तर ओळ पुरी करून मग वळू लागलो. फार नाही, एक ओळच. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

मग सांगलीची स्पर्धा आली. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांसाठी खुली, एका दिवसात संपणारी. मेजरनी माझं नाव परस्पर दिलं. सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो.

हॉल नवा होता, कापड स्वच्छ, जिना कोरा करकरीत. मी खूश झालो. पण दाराशी गेलो तर लाल रेशमी फीत बांधलेली. उद्घाटन दहाला होतं. प्रमुख पाहुणे कोण, तर आमच्याच संस्थेचे अध्यक्ष. बाहेरच्या फलकावर त्यांचा फोटो टेबलाएवढा, त्याखाली आयोजकाचा थोडा लहान, आणि खेळाचं नाव अगदी तळाशी. दहा वाजले, साडेदहा, अकरा. पाहुणे एका लग्नात अडकले होते. बत्तीस खेळाडू, संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा, शेवटी आयोजक म्हणाला, “चालू करा तोवर. पण फीत कुणी तोडू नका.”

त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळे त्या फितीखालून वाकून आत-बाहेर करत होतो. चहाला वाकून, लघवीला वाकून. साठीचे मेजर, तो गेलेला गुडघा घेऊन, दाराची चौकट धरून फितीखालून जात होते. विट्याचा एक खेळाडू होता, कोइमतुरात जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, म्हणजे गलाईचं दुकान चालवणारा, पोट सुटलेला. तो फितीखाली वाकला की शर्ट पँटीतून सुटे आणि तो प्रत्येक वेळी पुन्हा खोचे. एकाच्याही मनात आलं नाही की ती फीत सोडावी आणि पाहुणे आले की परत बांधावी. माझ्याही नाही. बत्तीस धडधाकट माणसं, हातभर लांबीचं चिंधूक, आणि सहा तास त्याच्यापुढे मुजरा.

खेळ मात्र त्या दिवशी मला सापडला होता. एकेक फेरी जात गेली. चार वाजता अंतिम सामना सुरू झाला, मी आणि तो विट्याचा गलाईवाला. तीन डाव, ज्याचे दोन त्याची स्पर्धा. एक त्यानं घेतला, एक मी. तिसऱ्यात माझे सातही बॉल गेले, उरला तो काळा. तो घातला की संपलं. त्याचे अजून दोन शिल्लक होते. काळा लांबच्या उजव्या कोपऱ्याजवळ, पांढरा टेबलाच्या मध्यावर, पांढरा, काळा आणि भोक एका रेषेत. लांबचा फटका, पण सरळ. सरळ फटक्यात लपायला जागा नसते. चुकला तर तुम्हीच चुकलात.

पाऊल रेषेवर ठेवलं. वाकलो. अंगठ्याच्या खाचेत स्टिक, हनुवटी तिच्यावर.

खाली गाड्यांची दारं आपटली. जिन्यावर बूट वाजू लागले आणि कुणीतरी ओरडलं, “साहेब आले! साहेब आले!”

कार्यक्रमासाठी जमलेल्या दीड-दोनशे माणसांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. तो आवाज मी ओळखत होतो, स्टाफरूममधला, शंभरपट. मानेच्या मागच्या बाजूला, जिथं चहा पडत असे, तिथं काहीतरी आखडलं. उठ, उठ, उठ. मी श्वास आत घेतला आणि मान तशीच ठेवली. दारात गडबड चालली होती, कात्री सापडेना. “कात्री कुठाय रं? अरं, कात्री!” ताटात होती, ताट कुठे होतं कुणाला माहीत नव्हतं. मग कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. आयोजकाचा आवाज, अगदी कानाशी, “सर, अहो सर, साहेब आलेत ना.”

त्याचा हात निघण्याची वाट पाहिली. तो निघाला. अर्धा श्वास सोडला. काळ्याकडे शेवटचं बघितलं आणि हात जाऊ दिला.

मी खालीच राहिलो. पांढरा गेला, काळ्याला लागला, काळा निघाला, आणि मी खालीच. दारात टाळ्या सुरू झाल्या, फीत कापली गेली होती. त्या टाळ्यांच्या आवाजाखाली तो दुसरा आवाज मला ऐकू आला. भोकाच्या कातड्यात बॉल पडल्याचा. मग मी उठलो. सावकाश.

सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. फक्त तो गलाईवाला टेबलापलीकडे स्टिक घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली, “गेला,” म्हणाला आणि हात पुढे केला. त्याचा हात घामानं ओला होता, माझाही. दोन क्षण, फार तर तीन, मी तिथं असा उभा होतो, जसा आयुष्यात कधीच नव्हतो. हे मी नाकारणार नाही.

मग आयोजक परत धावत आला. “सर, बॉल गोळा करा पटकन. साहेबांच्या हस्ते पहिला फटका, ब्रेक करायचाय.”

“फायनल झाली,” मी म्हणालो. “काळा गेला आता.”

“झाली? कुणी बघितली?” त्यानं इकडे तिकडे पाहिलं. गलाईवाला म्हणाला, “मी बघितली की.” आयोजक त्याच्याकडे बघून हसला. “अहो, उद्घाटनाच्या आधी फायनल झाली म्हणून कसं सांगायचं? फोटो कसले छापायचे? साहेबांचा ब्रेक होऊ द्या, मग एक डाव परत खेळा. कोण जिंकायचा तो जिंकतोय. हं, लावा, लावा सर.”

मी काय केलं ते आता लिहितो. मी टेबलाभोवती फिरलो. भोकाभोकांतून बॉल काढले. काळा सगळ्यांत शेवटी काढला, तो हाताला गार लागला. रॅक लावायला लाकडी ट्रँगल ठेवला, त्यात पंधरा बॉल भरले, काळा बरोबर मधोमध, आणि मागून बोटांनी दाबून दाबून घट्ट बसवले, कुठेही फट राहू नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या हॉलच्या मालकाला सुद्धा कधी इतकं सुबक लावता आलं नसेल. मग माझ्या स्टिकच्या टोकाला खडू लावला, फुंकर मारली आणि ती दोन्ही हातांवर आडवी धरून साहेबांपुढे केली.

“अरे वा, सर! तुम्हीसुद्धा खेळता होय?” अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“हो साहेब,” मी म्हणालो. “थोडंसं.”

त्यांनी स्टिक कुदळीसारखी धरली, मारली, पांढरा कडेवरून उडाला आणि खुर्च्यांत गेला. टाळ्या झाल्या. फोटोत मी त्यांच्या डावीकडे आहे.

नंतरचा डाव मी हरलो. कसा हरलो ते धड आठवतही नाही. गलाईवाल्याला शाल, नारळ आणि चषक मिळाला. तो घेताना त्याचा चेहरा पडलेला होता. जाताना तो माझ्याशी बोलायला थांबला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही थांबलो नसतो.

परतीच्या एसटीत मेजर खिडकीशी बसले. मी वाट बघत होतो की ते काहीतरी बोलतील. पेठ नाका आला तरी ते बाहेरच बघत होते. ऊस, ऊस आणि ढाबे.

मग म्हणाले, “उठला न्हाई तुमी. मी बघितलं.”

मला वाटलं होतं सगळ्यांबरोबर तेही दाराकडेच वळले असतील. “तुम्ही बघितलं?”

“बसूनच हुतो मी. गुडघा.” “लय सरळ गेला. असा फटका माझ्या हातनं बी रोज जायाचा न्हाई.”

मी तोंड फिरवलं. गाडी सर्व्हिस रोडवरून परत हायवेला लागली.

“रॅक बी तुमीच लावला,” मेजर म्हणाले. “ते बी बघितलं.”

“काय करणार मेजर? अध्यक्ष आहेत ते आमचे.”

“मी इचारलं काय?”

मला त्यांचा राग आला, मग आयोजकाचा, मग त्या गोंडस फोटोचा, आणि फिरून फिरून राग जिथं यायचा तिथं आला. किळस म्हणजे काय, ते मला त्या गाडीत कळलं. जिन्यातल्या पिचकाऱ्या काहीच नव्हत्या.

“डोस्क्याला दीड वरीस लागलं,” मेजर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “हाताला किती लागंल, सांगता यायचं न्हाई. उद्या पाचला या.”

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि कराड येईपर्यंत तसेच दाबून बसलो.